कुलूपवाल्यांची वेबसाइट

कुलूपवाल्याच्या घरातलं एकही कुलूप धड नसतं. आमच्या न्हाणीघराची कडी गेली अकरा वर्षं सुतळीनं बांधलेली आहे. आई म्हणते, "सगळ्या गावाची दारं हे उघडून देतात, आणि मला मात्र आत कुणी आहे हे कळावं म्हणून गाणी म्हणत आंघोळ करावी लागते." तिचा आवाज कसा आहे ते मी सांगत नाही, आई आहे ती माझी.

त्यामुळे आमची वेबसाइट बंद होणार असल्याचं पत्र आलं, आणि तिचा पासवर्ड घरात कुणालाच ठाऊक नाही असं निघालं, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. मला राग आला. मला राग लवकर येतो आणि लवकर जातो, पण मधल्या वेळात बरंच काही बोलून होतं. किल्ल्या घासायच्या मशीनमधून उडते ती ठिणगी, म्हणून बाबांनी लहानपणी माझं नाव ठिणगी ठेवलं. चाळिशी उलटली तरी ते बदललेलं नाही.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून यायचं. उजव्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिळ्याला कोऱ्या, म्हणजे अजून दाते न कापलेल्या, किल्ल्यांचा घोस. सगळ्या मिळून दोन हजार तरी असतील. खिडकीपाशी मशीन, आणि मशीनपाशी काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. बाबांचं टेबल मागच्या भिंतीला, जिथे उजेड पोचत नाही. चार वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी जायला लागली. आता खिडकी कुठे आणि भिंत कुठे, एवढंच त्यांना कळतं. "उजेडाची जागा ज्याला उजेड लागतो त्याला द्या," असं म्हणून त्यांनी स्वतःच टेबल मागे सरकवून घेतलं. कुलूप उघडायला त्यांना डोळे लागत नाहीत. बोटं आणि कान पुरतात.

वेबसाइट ही सात वर्षांपूर्वीची काकांची हौस. एका कंपनीनं करून दिली होती. तिच्यावर दुकानाच्या वेळा, काकांचे चार फोटो आणि 'कुलपाचा डॉक्टर' नावाचं एक पान. या पानावर लोक आपापल्या अडलेल्या कुलपांबद्दल विचारतात आणि बाबा उत्तरं देतात. आजोबांची ट्रंक, गंजलेलं फाटक, आतून लागलेली डबी. कुठून कुठून प्रश्न येतात. बाबांची एकूण तीनशे बारा उत्तरं झाली होती. पहिली त्यांनी स्वतः लिहिली. गेली दोन वर्षं ते सांगायचे आणि मी टाइप करायचे. उत्तर टाकायला पासवर्ड लागत नसे, तो फक्त आत शिरायला. रोज सकाळी दहा ते अकरा, मागच्या टेबलापाशी, दोन कप चहा घेऊन.

आता इथे एक कबुली देऊन टाकते, कारण पुढे ती लागणार आहे. बाबा सांगायचे तसं मी लिहायचे नाही. एका बाईंनी विचारलं होतं, नवरा रोज कपाटाची किल्ली विसरतो, दरवेळी कुलूप फोडावं लागतं, कोणतं कुलूप घेऊ? बाबा म्हणाले, "लिही. बाई, कुलूप चांगलं आहे, नवरा बदला." मी लिहिलं, 'आकड्यांचे कुलूप वापरावे.' दुकानाचं नाव आहे, कुणी दुखावलं तर काय, असं मी मनाशी म्हणायचे. असे किती विनोद मी गिळले त्याची गणती नाही. बाबांना वाचता येत नव्हतं, आणि मी काही सांगितलं नव्हतं.

तर पत्र. कंपनी ही सेवा महिनाअखेरीला बंद करत होती. ज्यांना आपला मजकूर हवा आहे त्यांनी आत जाऊन तो काढून घ्यावा, नंतर सगळं पुसलं जाईल. बाहेरून शेवटची दहाच उत्तरं दिसायची, बाकीची सगळी आत होती. पंचवीस दिवस हातात होते.

मी पत्र वाचून दाखवलं. बाबा थोडा वेळ हातातल्या कुलपाशी खेळत राहिले. मग म्हणाले, "नवीन करू. पण ह्या वेळी मी स्वतः लिहिणार."

"म्हणजे मी आहेच की."

"तू आहेस गं. पण दोन वर्षं दुसऱ्याच्या हातानं जेवतोय मी. एकदा माझ्या हातानं जेवू दे."

मला ते लागलं. मी चहाचे कप उचलून आत गेले, आणि माझा अर्धाच प्यायलेला आहे हे आईच्या लगेच लक्षात आलं.

आधी पासवर्ड शोधायचा होता. काकांच्या मते तो बाबांकडे होता, आणि बाबांच्या मते तो अगदी सुरक्षित होता. "पेटीत आहे," बाबा म्हणाले, आणि काकांनी कपाळाला हात लावला.

ही पेटी म्हणजे बाबांच्या तरुणपणातला पराक्रम. वीतभर लांबीची पितळी पेटी, आणि तिला त्यांनी स्वतः केलेलं सात पट्ट्यांचं कुलूप, सातही पट्ट्या नेमक्या उंचीवर आल्या तरच उघडणारं. ते किल्लीशिवाय कुणाच्यानं उघडू नये एवढ्याच ईर्ष्येनं केलेलं. किल्ली एकच. तीही अशी, की तिचे दाते टोकाला अगदी बारीक. बघणाऱ्याला ती कोरी किल्लीच वाटावी. ती बाबांनी भिंतीवरच्या दोन हजार कोऱ्या किल्ल्यांत टांगून ठेवली होती. चोराला जन्मात सापडणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

दोन दिवस आम्ही भिंत उतरवत होतो. तिसऱ्या दिवशी काका मशीन बंद करून एकदम स्टुलावर बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"मागच्या वर्षी एक माणूस ट्रंक घेऊन आला होता," काका म्हणाले. "जाडशी कोरी किल्ली हवी होती. भिंतीवर एकच मिळाली. टोकाला जरा खरखरीत होती. मी म्हटलं माल खराब आलाय. घासून दिली."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मात्र तडकले. सबंध गावाला किल्ल्या करून देणारी दोन माणसं, एकानं किल्ली कोऱ्या किल्ल्यांत लपवली आणि दुसऱ्यानं ती कोरी समजून गिऱ्हाइकाला दिली! हे मी त्यांना बऱ्याच मोठ्या आवाजात सांगितलं. बाहेर एक गिऱ्हाईक पायरीवरच थांबलं.

कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, पासवर्डाशिवाय काही करता येणार नाही. अंदाजानं टाकून पाहिले. दुकानाचा फोन नंबर, आजीचं नाव, दुकान उघडल्याचं वर्ष. तीन चुकले की चोवीस तास दार बंद. पाच दिवस असेच गेले.

मग रविवारी सकाळी बाबांनी टेबल साफ केलं, पेटी पुढ्यात घेतली, दोन बारीक सळया निवडल्या आणि पितळेला कान लावला. आईनं आतला मिक्सर बंद केला. काकांनी दाराला 'जेवायला गेलो आहोत' ही पाटी लावली, सकाळी साडेनऊला. बाबांची बोटं हलताना दिसतसुद्धा नव्हती. मधूनच ते पुटपुटायचे, "हलकट आहे हा." कोण ते मी विचारलं. "मी," ते म्हणाले. "पंचविशीतला. इथे खोटी खाच ठेवलीय गाढवानं. माणूस उघडलं म्हणून खूश होतो आणि सगळ्या पट्ट्या परत खाली."

अडीच तास. तीनदा त्या खोट्या खाचेनं त्यांना परत पहिल्यापासून आणलं. मग एक लहानसा आवाज झाला, नख वाजवल्यासारखा, आणि बाबा सरळ होऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता. झाकण उघडायच्या आधी त्यांनी पेटीवर थाप मारली. "जमलं रे तुला," ते म्हणाले. हे त्या पंचविशीतल्या गाढवाला उद्देशून होतं की स्वतःला, ते कळलं नाही.

आत घडी घातलेला कागद होता. काकांनी उघडला, पाहिला, आणि परत घडी घातली.

"वाच ना!" बाबा म्हणाले.

"तेव्हा तात्पुरता दिला होता कंपनीनं. बदलायचा राहिला."

मी कागद ओढून घेतला. काकांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: एक दोन तीन चार पाच सहा.

तीन पिढ्या कुलपं विकणाऱ्या घराण्याचा पासवर्ड! ते कुणाला सुचलंच नव्हतं, कारण असं कुलूप कुणी लावेल हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात येणं शक्य नव्हतं. आई हसता हसता खाली बसली. मला रागवायचं होतं, पण वेळ निघून गेली होती, मी पण हसत होते.

आत गेल्यावर कळलं की सगळा मजकूर एकदम बाहेर काढायची सोयच त्या कंपनीनं ठेवलेली नाही. एकेक पान उघडा, उचला, दुसरीकडे ठेवा. तीनशे बारा वेळा. चार दिवस मी हेच करत बसले, आणि दर चार-पाच पानांनी माझाच कोरडा आवाज मला भेटत होता. आकड्यांचे कुलूप वापरावे. कृपया तेल घालावे. वाचताना मला पहिल्यांदाच वाटलं, हे भयंकर कंटाळवाणं आहे.

नव्या वेबसाइटसाठी आमच्या मदतीला आल्या त्या रस्त्याच्या टोकाच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई. वाचनालयाची वेबसाइट त्यांनी स्वतः उभी केली होती. पुस्तकाच्या कपाटाचं कुलूप बाबांनी दोनदा फुकट काढून दिलेलं, त्याची त्या परतफेड करत होत्या. लॅपटॉप घेऊन आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "तीन सिस्टीम आणल्यात. तिन्ही ओपन सोर्स."

"सिस्टीम म्हणजे?" आईनं विचारलं.

"वेबसाइटची मागची खोली समजा. तुम्ही मागे लिहायचं, ती पुढे दुकानात नीट मांडून ठेवते. आणि ओपन सोर्स म्हणजे हिचा मालक कुणी एकटा नाही. आतली सगळी रचना कुणालाही बघता येते, दुरुस्त करता येते. एक कंपनी बुडाली म्हणून काही बंद पडत नाही."

काकांना हे पसंत पडलं नाही. "आतली रचना सगळ्या जगाला उघडी? मग चोराला अक्षताच द्यायच्या की!"

"चाळीस वर्षं कुलपं विकतोस आणि हे बोलतोस?" बाबा म्हणाले. "आपल्या पाच पट्ट्यांच्या कुलपाची आकृती शाळेच्या पुस्तकात छापलेली असते. म्हणून ते कुणाला उघडतं का? रचना लपवावी लागते ते कुलूपच कच्चं. बाई, तुम्ही दाखवा."

बाईंनी तिन्ही दाखवल्या. त्यांची खरी नावं परकी आणि अवघड होती, म्हणून आईनं तासाभरात त्यांचं बारसं करून टाकलं: पहिलवान, नटवी आणि साधी. बाबांसाठी बाईंनी लॅपटॉपवर आणखी एक गोष्ट सुरू केली. पडद्यावर जे असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारा आवाज. बाबांनी त्याला पोपट म्हणायला सुरुवात केली.

पहिलवानाला येत नाही असं काही नव्हतं. दुकान मांडेल, पावत्या फाडेल, मतदानसुद्धा घेईल. पण बाबा लिहायच्या जागेकडे निघाले की पोपट वाटेतली एकेक सोय वाचत सुटायचा. बाबांनी बोटांवर मोजलं. "सत्तेचाळीस," ते म्हणाले. "सत्तेचाळीस दारं ओलांडून न्हाणीघरात पोचायचं. तोवर माणसाचं काय होईल?" बाई खो खो हसल्या. मी लिहून घेत असते तर हे वाक्य काढून टाकलं असतं.

नटवी दिसायला खरंच देखणी. फोटो उचला, इकडे ठेवा, तिकडे ठेवा, कडेला सावली द्या. काकांनी स्वतःचा फोटो असा काही मोठा केला की त्यात पूर्ण दुकान झाकलं गेलं. पण बाबांनी कीबोर्डवर हात ठेवला तेव्हा पोपटाची दातखीळ बसली. उचलायचं काय आणि ठेवायचं कुठे, हे नटवीनं त्याला सांगितलंच नव्हतं.

साधी म्हणजे पांढरा कागद. वर शीर्षक, खाली मजकूर, शेवटी प्रसिद्ध करा. रंग नाही, रूप नाही. पोपट तिच्या घरात आल्याबरोबर स्पष्ट बोलायला लागला.

"नटवीच घ्या," मी म्हणाले. "लोक बघून येतात. साधी कोण बघणार?"

"आणि बाबा?" बाईंनी विचारलं.

"बाबांचं मी टाइप करीन. करतेच आहे."

बाबांनी मान तिरकी केली. मान तिरकी असते तेव्हा ते कुलूप ऐकत असतात. मग ते म्हणाले, "बाई, कुठलंही कुलूप लावता सगळ्यांना येतं. विकणाराही लावूनच दाखवतो. मी गिऱ्हाइकाला सांगतो, आधी विचार, किल्ली हरवली तर काय? तिघींना विचारा."

"म्हणजे सोडून जायचं झालं तर?"

"हो. माझी तीनशे बारा घेऊन मला उद्या बाहेर पडायचंय. कोण कशी सोडते बघू."

बाई चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "आमच्या समितीनं दोन वर्षं चर्चा केली," त्या म्हणाल्या, "रंग कुठला यावर. हे कुणी विचारलं नाही."

पहिलवानानं सगळं दिलं, पण एका गाठोड्यात, आणि ते गाठोडं दुसरा पहिलवानच सोडू शकेल. नटवीनं मजकूर दिला, पण त्यात तिच्या दागिन्यांचे इतके तुकडे अडकलेले की शब्द शोधावे लागत होते. साधीनं तीन उत्तरं टाकली होती त्यांच्या तीन फाइली हातावर ठेवल्या. कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतील अशा.

"साधी," बाबा म्हणाले.

"पण बाबा, ती दिसते कशी ते तुम्हाला दिसत नाही म्हणून..." माझ्या तोंडून निघून गेलं. काकांनी मशीनवरची धूळ पुसायला घेतली.

आई मला हाताला धरून आत घेऊन गेली. "ठिणगे," ती म्हणाली, "तुला नक्की काय नकोय?"

मला रडू आलं. हे असं सरळ लिहिताना आता लाज वाटत नाही, तेव्हा वाटली. मला दहा ते अकराचा तास जायला नको होता. सकाळची पहिली गिऱ्हाइकं काका बघायचे, आणि तो एक तास बाबा फक्त माझे असायचे. त्यांना डोळे हवे होते म्हणून मी होते. त्यांना पोपट मिळाला, की मला कोण विचारतंय? हे मी आईला सांगितलं. तिनं माझे डोळे आपल्या पदरानं पुसले आणि म्हणाली, "जा, तोंड धू. आणि गाणं म्हण, नाहीतर कुणीतरी आत येईल."

बाहेर येऊन मी बाबांची माफी मागितली. "कशाबद्दल?" ते म्हणाले. "दिसत नाही हे खरंच आहे. तू रोज सांगायची गरज नाही एवढंच." मग मीच बाईंना म्हणाले, साधीच करा.

पुढचे दहा दिवस बाबा शाळेत गेल्यासारखे वागले. कीबोर्डवर दोन कळांना उंचवटे असतात हे त्यांच्या बोटांना पहिल्या मिनिटातच कळलं. "दोनच का?" असं म्हणून त्यांनी बारीक कानस काढली आणि अकरा कळांवर स्वतःच्या खुणा कोरल्या. कुणाला एक खाच, कुणाला दोन. नवा कीबोर्ड बघून काकांना घाम फुटला, पण बाबांचा हात त्यावर असा चालायला लागला की काकांनीच नंतर बाईंना ती खाचांची पद्धत समजावून सांगितली. पोपटाचा वेग बाबांनी इतका वाढवला की आम्हाला नुसती किरकिर ऐकू यायची. त्यांना त्यातला शब्दन् शब्द कळत होता. सात पट्ट्या एकदम ऐकलेला कान तो.

जुनी तीनशे बारा उत्तरं बाईंनी साधीमध्ये चढवली. आता बाबा ती ऐकणार होते.

शनिवारी दुपारी ते ऐकत बसले. मी काउंटरवर कुलपं पुसत होते, पुसून झालेलीच परत पुसत होते. पहिली उत्तरं, त्यांनी स्वतः लिहिलेली, ऐकताना ते मधूनमधून हसत होते. मग हसणं थांबलं. बराच वेळ नुसती पोपटाची किरकिर.

"ठिणगे."

"हो बाबा."

"हा कोण माणूस आहे गं? दोन वर्षं माझ्या नावानं बोलतोय. फार शहाणा आहे. मला अजिबात आवडला नाही."

मी जवळ गेले आणि सगळं सांगितलं. नवऱ्याची बाई, न्हाणीघरं, सासूची ट्रंक, सगळं. गिऱ्हाईक दुखावेल म्हणून काढलं, असं म्हणाले. ते ऐकत होते, मान तिरकी करून. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी रागवावं असं मला हवंसुद्धा होतं. पण ते म्हणाले, "नवऱ्याची बाई आठवते तुला? शब्द आठवतात?"

"सगळे आठवतात."

"मग सांग," बाबा म्हणाले आणि त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. "आज तू सांग, मी लिहितो."

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. एका बोटाच्या वेगानं, पण लिहीत गेले. बाई, कुलूप चांगलं आहे, नवरा बदला. शेवटी त्यांनी पोपटाला पूर्ण वाचायला लावलं, एक शब्द दुरुस्त केला, आणि प्रसिद्ध करा म्हणून स्वतःच दाबलं. जुनी वेबसाइट बंद व्हायला तेव्हा दोन दिवस बाकी होते. काकांनी टाळ्या वाजवल्या. आई आतून पिठाच्या हातानं बाहेर आली. बाबा हात मांडीवर ठेवून बसून राहिले आणि म्हणाले, "स्वतःच्या हातानं जेवलो."

उत्तराची लिंक मी प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईंना पाठवली होती, संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं. नवरा अजून तोच आहे, किल्ली अजून विसरतो, पण तुमचं उत्तर त्यालाच मोठ्यानं वाचून दाखवलं, तो पाणी पिता पिता हसला आणि नवीन टेबलक्लॉथ धुवायला टाकावा लागला. बाबांनी ते पोपटाकडून चार वेळा वाचून घेतलं.

सोमवारी दहा वाजले तेव्हा मी मागच्या टेबलाकडे गेले नाही. जायचं कशाला? काउंटरवरच उभी राहिले. बाबा एकटेच लिहीत बसले होते, कळांचा आवाज येत होता. मला त्यांचा आनंद दिसत होता आणि मला खरोखर आनंद झालाही होता, फक्त हात रिकामे होते. मी एक कुलूप घेऊन उगीच लावत-काढत बसले.

दहा वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. मेल होता. नव्या वेबसाइटकडून आलेला, छापील भाषेतला. 'कुलपाचा डॉक्टर' या संकेतस्थळावर तुमची संपादक म्हणून नेमणूक झाली आहे. तुमच्या मान्यतेशिवाय लेखकाचा मजकूर प्रसिद्ध होणार नाही. लेखक म्हणून बाबांचं नाव होतं. मालकीचे सगळे अधिकार त्यांच्याकडे होते, बाईंनी तसेच दिले होते. त्यांपैकी एक वापरून त्यांनी स्वतःवर हे बंधन घालून घेतलं होतं.

खाली त्यांनी स्वतः लिहिलं होतं, दोन-तीन अक्षरं इकडची तिकडे झालेली. 'एकच किल्ली असलेलं कुलूप मी आयुष्यात एकदा केलं. परत करणार नाही. दुसरी तुझ्याकडे. चुका दुरुस्त कर, विनोदांना हात लावू नकोस. रोज दहाला.'

मी हातातलं कुलूप तसंच उघडं टाकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन दोन कप चहा केला. मागच्या टेबलापाशी माझी खुर्ची जागच्या जागी होती, कुणी हलवली नव्हती.

"पंधरा मिनिटं उशीर," बाबा म्हणाले. "बस. एकानं विचारलंय, न्हाणीघराच्या दाराला कडी कुठली लावू. मी लिहिलंय, कडी नको, गाणं शिका, आणि तुझ्या आईचा पत्ता दिलाय. बघ, जातंय का."

मी वाचलं, मोठ्यानं हसले, आणि प्रसिद्ध करा दाबलं.